एकशेवीस टन, पण कोणते?

बोलावणं आलं ते एका कारखान्यातल्या चिलरसाठी, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रासाठी. नवा चिलर बसवून सहा महिने झाले होते. पहिले चार महिने सगळं सुरळीत होतं. हवा दमट झाली तशी कुरकुर सुरू झाली. रिअ‍ॅक्टरमधली बॅच गार व्हायला पूर्वी चार तास लागत, आता साडेचार लागू लागले. चिलर बनवणाऱ्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याने गॅसचं प्रेशर पाहिलं, तेल पाहिलं, कंडेन्सरच्या ट्यूब उघडून पाहिल्या आणि "मशीन ओके, टॉवरचं पाणी गरम येतंय" असं लिहून सही घेऊन गेला. मग टॉवरवाल्याला बोलावलं. त्याने पंख्याचे अँपिअर मोजले, नोझल पाहिले आणि "टॉवर ऑर्डरप्रमाणे" असं लिहून दिलं. दोघांचंही म्हणणं खरं होतं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

यंत्रणेची मांडणी सरळ आहे. तीन जॅकेटवाले रिअ‍ॅक्टर आहेत. त्यांच्या जॅकेटमधून, म्हणजे भोवतीच्या पोकळ कवचातून, गार पाणी फिरतं, ७ अंशांना जातं आणि १२ अंशांना परत येतं (सगळे अंश सेल्सिअस, फॅरनहाइट आलं की तसं सांगेन). ते पाणी चिलर गार करतो. त्यातून काढलेली उष्णता कंडेन्सरमधल्या दुसऱ्या पाण्यात जाते आणि ते पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये जाऊन ती हवेच्या हवाली करतं. रिअ‍ॅक्टरपासून चिलर, चिलरपासून टॉवर, असा एकाच उष्णतेचा प्रवास. फक्त चिलरपाशी तिला एक सोबती मिळतो, कॉम्प्रेसरची वीज. तो सोबती या गोष्टीत पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पहिल्या दुपारचे आकडे

मी गेलो त्या दुपारी बाहेरचा वेट बल्ब (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान, त्यात हवेचा दमटपणाही येतो) बरोबर २८ होता, म्हणजे ज्या हवेसाठी टॉवर डिझाइन केलेला होता तीच हवा. कंडेन्सरला जाणारं पाणी ३२ हवं, ते ३४.१ होतं. बाहेर पडणारं ३८.९. चिलरमधून निघणारं गार पाणी ७ ऐवजी ८.५. पॅनेलवर खाली बारीक अक्षरांत लिहून येत होतं की कंडेन्सिंग प्रेशर जास्त असल्याने लोड मर्यादित केला आहे. म्हणजे यंत्र बंद पडत नव्हतं, स्वतःला सांभाळत मागे रेलत होतं. अलार्म नाही, ट्रिप नाही, त्यामुळे लॉगबुकातही काही नाही.

दीड अंशाने काय बिघडतं, असं प्लांट मॅनेजरनी विचारलं. बॅच १५ अंशांपर्यंत उतरवायची असते. शेवटच्या टप्प्यात १५ आणि ७ यांमधला फरक ८ अंश. पाणी ८.५ चं आलं की तोच फरक साडेसहा. उष्णता ओढणारी ताकद जवळजवळ एक-पंचमांशाने गेली. सुरुवातीला बॅच गरम असताना हे जाणवतही नाही, सगळा वेळ शेवटी खाल्ला जातो.

मी पोहोचायच्या आधीच कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाने टॉवरचा भार काढून ठेवला होता आणि त्यावरून टॉवरवाल्याला पाठवायचं कडक पत्रही तयार होतं. पत्रात म्हटलं होतं की ४२२ किलोवॅटचा म्हणून विकलेला टॉवर प्रत्यक्षात २८१ किलोवॅटलाच धापा टाकतो आहे. मला तो आकडाच खटकला. एवढ्या चिलरमागे २८१ येईलच कसा?

गणित मागितलं. कंडेन्सरच्या लाइनवरचा फ्लोमीटर ४०० जीपीएम (गॅलन प्रति मिनिट) दाखवत होता. कुणीतरी फार पूर्वी शिकवलेलं सूत्र त्यांना पाठ होतं: पाचशे गुणिले जीपीएम गुणिले तापमानाचा फरक, उत्तर बीटीयू प्रति तास. त्यांनी ५०० × ४०० × ४.८ केलं, ९,६०,००० आले, ३,४१२ ने भागले, २८१ किलोवॅट.

सूत्र बरोबर आहे. पण त्यातला पाचशे हा आकडा आला कुठून ते पाहायला हवं. एक अमेरिकन गॅलन पाण्याचं वजन ८.३३ पौंड. मिनिटाचा तास करायला गुणिले ६०. झाले ५००. आणि बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक अंश *फॅरनहाइटने* तापवायला लागणारी उष्णता. म्हणजे या पाचशेच्या पोटात पौंड, अमेरिकन गॅलन आणि फॅरनहाइट असे तिघे आधीच बसलेले आहेत. त्याला सेल्सिअसमधला फरक चारला की उत्तर १.८ पटीने कमी येतं.

हे सांगितल्यावर तिथल्याच एकाने लगेच मोबाइलवर ४.८ सेल्सिअसचे फॅरनहाइट केले. ४०.६ आले. ते सूत्रात घातले तर भार २,३८० किलोवॅट. सगळे हसले, कारण एवढ्या उष्णतेने गच्चीवरचा टॉवर केव्हाच मऊ पडला असता. तापमानाचं रूपांतर वेगळं आणि तापमानातल्या *फरकाचं* वेगळं. फरकाला ३२ मिळवायचे नसतात, फक्त १.८ ने गुणायचं. ४.८ चे ८.६४. मग ५०० × ४०० × ८.६४ = १७,२८,००० बीटीयू प्रति तास, म्हणजे ५०६ किलोवॅट.

मला त्या दोन चुकांमधली पहिलीच जास्त घातक वाटते. २,३८० ऐकताच माणूस हसतो आणि परत मोजतो. २८१ सभ्य दिसतो, पत्रात जाऊन बसतो, त्यावर सही होते.

फ्लोमीटरचीही एक शंका उरली होती. तबकडीवर नुसतं जीपीएम. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. ४०० अमेरिकन असतील तर तासाला ९०.८ घनमीटर, ब्रिटिश असतील तर १०९. वीस टक्क्यांचा फरक, आणि तबकडी गप्प. पाइपावर बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक मीटर माझ्या पेटीत असतोच, त्याने ९१ दाखवले. अमेरिकन ठरला.

खरं तर अशा वेळी मी पाउंड-गॅलनच्या वाटेलाच जात नाही. पाण्याला किलोकॅलरीसारखं सोयीचं माप नाही: एक किलो पाणी, एक अंश, एक किलोकॅलरी. तासाला ९०,८०० किलो × ४.८ = ४,३५,८४० किलोकॅलरी प्रति तास. ८५९.८ ने भागले की ५०७ किलोवॅट. तोंडी होण्यासारखं गणित. किलोकॅलरीला जुनाट म्हणून नाकं मुरडणारे खूप भेटतात. पाण्याच्या पाइपाशेजारी उभं राहून हिशेब करायचा असेल तर मला आजही तीच हवी. यात कोणती कॅलरी, हाही प्रश्न निघतो. १९५६ साली वाफेच्या गुणधर्मांवरच्या लंडनच्या परिषदेत ४.१८६८ ज्यूलची कॅलरी ठरली, रसायनशास्त्रवाले ४.१८४ ची वापरतात. फरक हजारात एकापेक्षाही कमी. आमचा थर्मामीटर ०.१ अंशाने चुकला तरी ४.८ मध्ये दोन टक्के जातात, तेव्हा त्या दशांशांवर वेळ घालवला नाही.

बेसिनमधलं पाणी

५०६ आणि २८१ यांत कोण खरं, हे सूत्राने नाही तर स्वतंत्र पुराव्याने ठरावं असं मला वाटत होतं, कारण पत्र लिहिणारे अजून पूर्ण पटलेले नव्हते. टॉवरचा ऑपरेटर शांत माणूस, बोलणं कमी. त्याला विचारलं, "मेकअपच्या पाण्याला मीटर आहे का?" तो म्हणाला, "आहे साहेब, पण त्याचं रीडिंग कुणी विचारत नाही."

टॉवर पाणी गार करतो तो मुख्यतः थोडं पाणी वाफ करून उडवून. तेवढं पाणी फ्लोट व्हॉल्व्हमधून परत भरलं जातं, त्याला मेकअप म्हणतात. ब्लोडाउन (क्षार साचू नयेत म्हणून सोडून दिलं जाणारं पाणी) बंद केलं. बेसिनच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी खडूने खूण केली. बरोबर दोन तासांनी पाणी परत त्याच खुणेवर असताना मीटर वाचला: १,३५० लिटर. तासाला ६७५ लिटर. ३५ अंशांच्या आसपास एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५७८ किलोकॅलरी लागतात. ६७५ × ५७८ = ३,९०,१५० किलोकॅलरी प्रति तास, म्हणजे ४५४ किलोवॅट नुसते बाष्पीभवनात. उरलेली उष्णता हवा गरम होण्यात जाते, तो वाटा अशा दमट हवेत लहान असतो. ५०६ मधले ४५४ म्हणजे नव्वद टक्के, अगदी बसतं. २८१ किलोवॅटच्या भारावर मात्र एवढं पाणी उडणंच शक्य नाही. ते पत्र त्या संध्याकाळी फाइलीत गेलं.

मग तिसरी बाजू तपासली. चिलरच्या इव्हॅपोरेटरमधून (गार पाण्याच्या बाजूने) तासाला ७२.६ घनमीटर पाणी, फरक ४.७ अंश: ३,४१,२२० किलोकॅलरी प्रति तास, ३९७ किलोवॅट. कॉम्प्रेसरचा एनर्जी मीटर १११ किलोवॅट. कॉम्प्रेसर सेमी-हर्मेटिक, मोटरसुद्धा गॅसनेच गार होते, म्हणून वीज पूर्ण धरली. ३९७ अधिक १११, ५०८. टॉवरच्या बाजूने ५०६. एवढा जुळलेला ताळेबंद प्रत्यक्ष प्लांटवर क्वचित मिळतो; मला जरा गंमतच वाटली.

आता टॉवरची नेमप्लेट वाचायला गेलो. त्यावर होतं: ४२२ किलोवॅट, पाणी ३७ वरून ३२ ला, वेट बल्ब २८, प्रवाह ७२.६ घनमीटर प्रति तास.

विकत घेतलेला टॉवर ४२२ चा, येणारी उष्णता ५०६, आणि चिलर रेलला नसता तर त्याहून जास्त. पाणीही ७२.६ ऐवजी ९०.८, सव्वापट. टॉवरवाल्याने मागितलं ते दिलं होतं. चिलरवाल्यानेही. चूक मागणीत होती.

पंपाच्या कागदावर ४०० जीपीएम आणि टॉवरच्या कागदावर ७२.६ घनमीटर, हे दोन्ही एकाच फाइलमध्ये सहा महिने शेजारी शेजारी पडून होते. एकाच एककात असते तर शिपायालाही दिसलं असतं की हे एकाच पाइपाचं पाणी नाही.

ती शीट

खरेदी ज्याच्याकडे होती तो तरुण इंजिनिअर हुशार आहे आणि शिस्तीचाही. जुन्या कागदांतली खिचडी त्याला सहन होईना. प्रोसेसवाले किलोकॅलरीत लिहिणार, चिलरवाले टीआरमध्ये (टन ऑफ रेफ्रिजरेशन), बाहेरच्या डेटाशीट बीटीयूत. त्याने ठरवलं, सगळं किलोवॅटमध्ये आणायचं. ठरवलं ते उत्तमच. १९४८ मध्येच वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने उष्णतेचं एकक ज्यूल असं ठरवलेलं आहे आणि सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. त्याची शीट अशी होती:

प्रोसेसचा भार: ३,६०,००० किलोकॅलरी प्रति तास = ४१८.७ किलोवॅट
चिलर: १२० टीआर × ३.५१७ = ४२२.० किलोवॅट
कूलिंग टॉवर: १२० टीआर × ३.५१७ = ४२२.० किलोवॅट

गुणाकार तिन्ही बरोबर. मी परत केले. ३.५१७ सुद्धा बरोबर: १२,००० भागिले ३,४१२.

या शीटवरून एक छोटा विनोदही झाला होता, तो मला इलेक्ट्रिकलच्या लोकांनी सांगितला. चिलरपुढे ४२२ किलोवॅट वाचून त्यांनी तेवढ्या विजेची केबल आणि ब्रेकर काढायला घेतला होता. ऑर्डर जायच्या आधी कुणाच्या तरी लक्षात आलं की हे किलोवॅट उष्णतेचे आहेत, विजेचे जेमतेम चौथा हिस्सा. त्या वेळी हसून विषय मिटला. मला वाटतं, शीट तपासायची खरी वेळ तीच होती. किलोवॅट हा शब्द कुठून कुठे जाणारी कसली ऊर्जा हे काहीच सांगत नाही. टीआर म्हटलं की निदान गारव्याचं चाललंय एवढं तरी कळत होतं.

आता ती तिसरी ओळ. मूळ जुन्या ड्रॉइंगवर चिलरपुढे १२० टन आणि टॉवरपुढेही १२० टन असंच लिहिलेलं आहे, आणि ते दोन्ही बरोबर आहेत. कारण ते दोन टन वेगळे आहेत.

रेफ्रिजरेशनचा टन बर्फाच्या व्यापारातून आला. नैसर्गिक बर्फ कापून विकला जायचा त्या काळात यंत्राची ताकद सांगायची सोपी रीत म्हणजे, हे यंत्र दिवसाला इतके टन बर्फ वितळण्याएवढा गारवा देतं. टन अमेरिकन, २,००० पौंडांचा. एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू. दिवसाचे २,८८,००० बीटीयू, चोवीस तासांनी भागले की १२,०००. तोच आपला टीआर.

टॉवरवाल्यांनी हाच शब्द उचलला, पण आपल्या सोयीने. ज्याच्याकडे १२० टनांचा चिलर आहे त्याने दुकानात येऊन "१२० टनांचा टॉवर द्या" एवढंच म्हणावं, बाकी हिशेब करायची गरज पडू नये. म्हणून त्यांनी कॉम्प्रेसरची उष्णता टनाच्या आतच भरून टाकली: प्रति टन आणखी ३,००० बीटीयू. कूलिंग टॉवरचा टन १५,००० बीटीयू प्रति तासाचा, म्हणजे ४.३९६ किलोवॅटचा.

या ३,००० मध्ये एक गृहीतक दडलेलं आहे. ३,००० बीटीयू प्रति तास म्हणजे ०.८७९ किलोवॅट. ३.५१७ भागिले ०.८७९, बरोबर चार. टॉवरचा टन असं धरून चालतो की चिलर एका किलोवॅट विजेत चार किलोवॅट गारवा देतो. आमच्या चिलरचं डिझाइन नेमकं चारचंच होतं: ४२२ भागिले १०५.५. त्यामुळे कंडेन्सरची उष्णता ५२७.५ किलोवॅट, आणि १२० × ४.३९६ सुद्धा तेवढेच. जुन्या माणसाने टॉवरपुढे १२० टन लिहिलं तेव्हा त्याच्या डोक्यात हे सगळं होतं. शीटमध्ये त्या टनाला ३.५१७ ने गुणलं त्या क्षणी १०५.५ किलोवॅट कागदावरून नाहीसे झाले. आणि उरलेला ४२२.० असा काही नीटनेटका दिसत होता, दशांशासकट, की शंका घ्यावी असं त्यात काहीच नव्हतं. "१२० टन" असाच मोघम आकडा गेला असता तर टॉवरवाल्याने आपल्या सवयीने योग्य टॉवर पाठवला असता. शुद्ध करायला गेलो आणि अर्थ गाळून बसलो.

म्हणून टॉवरचा टन चांगला, असं मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या सेंट्रिफ्युगल चिलरचा तो चारचा आकडा (एका किलोवॅट विजेमागे किती किलोवॅट गारवा) सहापर्यंत जातो, तिथे सव्वापट टॉवर म्हणजे उधळपट्टी. उष्णतेवर चालणाऱ्या अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्रात उलट; एका टप्प्याच्या यंत्राचा तो आकडा ०.७ च्या आसपास असतो. तिथे १२० टनांच्या गारव्यामागे टॉवरवर हजार किलोवॅटहून जास्त येतात आणि टॉवरचा टन सपशेल तोंडावर पडतो. टॉवर किलोवॅटमध्येच मागवावा, फक्त ते किलोवॅट कंडेन्सरपाशी मोजलेले हवेत.

छपाईची चूक

मला सगळ्यात हळहळ वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कंडेन्सरची उष्णता चिलरच्या डेटाशीटवर स्पष्ट छापलेली होती: हीट रिजेक्शन १,८०० एमबीएच. त्या ओळीशेजारी पेन्सिलने प्रश्नचिन्ह आणि "छपाईची चूक?" असं लिहिलेलं होतं.

त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "सर, एम म्हणजे मेगा धरलं. १,८०० मेगा बीटीयू प्रति तास म्हणजे ५२७ मेगावॅट निघाले. एवढ्याचं तर वीजनिर्मिती केंद्र असतं. म्हणून सोडून दिलं."

एमबीएचमधला एम मेगाचा नाही, रोमन आकड्यांतला आहे, आणि रोमन एम म्हणजे हजार. दशलक्षाला ती मंडळी एमएम लिहितात. १,८०० एमबीएच म्हणजे १८ लाख बीटीयू प्रति तास, ५२७.५ किलोवॅट. त्याच्या कॅल्क्युलेटरवर ५-२-७ हेच आकडे आले होते, फक्त हजारपट मोठे. उत्तर हातात होतं आणि ते अशक्य वाटलं म्हणून टाकून दिलं. मी त्याला दोष देत नाही. अशक्य आकडा टाकून द्यायचा हे आम्हीच शिकवतो, अशक्य का आला ते शोधायचं हे शिकवायला विसरतो.

फाइल चाळताना आणखी एक कागद मिळाला. चिलरसाठी आलेल्या कोटेशनांपैकी एक ११० टनांचं होतं, जपानी बनावटीचं, आणि "क्षमता कमी" म्हणून पहिल्याच फेरीत बाद केलेलं. जपानी टन १,००० किलो बर्फाचा: किलोला ७९.६८ किलोकॅलरी, चोवीस तासांनी भागले की ३,३२० किलोकॅलरी प्रति तास, ३.८६१ किलोवॅट. ११० जपानी टन म्हणजे सुमारे ४२५ किलोवॅट. जो घेतला त्याच्यापेक्षा तीन किलोवॅट जास्तच. किलोवॅटचा आकडा कोटेशनच्या कोपऱ्यात छापलेलाही होता, पण तुलनेच्या तक्त्यात टनांचा रकाना होता ना.

आणि मुळात १२० आले कुठून? प्रोसेसवाल्यांनी ३,६०,००० ला ३,००० ने भागलं होतं. खरा भागाकार ३,०२४ चा, उत्तर ११९. ही चूक पाऊण टक्क्याची आणि सुरक्षित बाजूला. तिच्यावर बैठकीत बराच वेळ चर्चा झाली, कारण ती सगळ्यांना समजण्यासारखी होती.

दुरुस्ती

चार महिने हे लपून का राहिलं, हे सांगायला हवं. टॉवरची ताकद वेट बल्बवर अवलंबून असते. हवा कोरडी असताना वेट बल्ब वीसच्या आसपास होता, तेव्हा तोच टॉवर नेमप्लेटपेक्षा कितीतरी जास्त उष्णता फेकत होता आणि तूट झाकली जात होती. चाचणीही त्याच दिवसांत झाली आणि पास झाली. चाचणीच्या अहवालात वेट बल्बचा रकानाच नव्हता.

पंख्याची पाती वळवून हवा वाढवता येईल का, ते पाहिलं. मोटर आधीच पूर्ण अँपिअरवर होती. फिल (टॉवरच्या आतला, पाणी पसरवणारा भराव) बदलण्यात मिळणारा फायदा अपुरा. शेवटी शेजारी टॉवरचीच एक छोटी सेल, म्हणजे सुटा जोडटॉवर, उभी केली, १३२ किलोवॅटची, त्याच ३७, ३२ आणि २८ वर. ४२२ आणि १३२ मिळून ५५४, गरज ५२७.५, पाच टक्के हाताशी. दोन्ही बेसिन जाड पाइपाने जोडले, नाहीतर एक वाहतं आणि दुसरं कोरडं पडतं. येणारं पाणी दोघांत वाटायला व्हॉल्व्ह अर्धा दिवस लावत बसलो.

पुढे वेट बल्ब २८ चा दिवस आला तेव्हा कंडेन्सरला जाणारं पाणी ३२.३ होतं आणि चिलरचं ७.१. पॅनेलवरची ती बारीक ओळ गेली. बॅच चार तासांवर आली.

शीटमध्ये त्या इंजिनिअरने स्वतःहून दोन रकाने वाढवले. एकाला त्याने नाव दिलं "उष्णता कुठे मोजली", दुसऱ्याला "मूळ कागदावरचा शब्द जसाच्या तसा". दुसरा रकाना मला सुचला नसता. जुनी शीट त्याने पुसली नाही, तिसऱ्या ओळीवर लाल रेघ मारून ठेवली आहे.

नवी सेल आली तेव्हा तिच्या अंगावर कारखान्यातूनच मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, "३० टीआर". १३२ भागिले ४.३९६, बरोबर तीस. ऑपरेटरने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, हे कोणते टन?" मग तोच रंगाचा डबा घेऊन आला आणि खाली लिहिलं: १३२ किलोवॅट, वेट बल्ब २८.